वर विचारतो

"लेकाच्या घरी चाललोय. त्याला काय इचारायचं?"

वाकडमधल्या एका सोसायटीत मित्राकडं निघालो होतो. माझ्या पुढं धोतर-टोपीतले एक आजोबा उभे होते, आणि त्यांनी गार्डला हा प्रश्न केला. गार्डनं त्यांच्याच बोलीत उत्तर दिलं, "नियम हाय मामा. वर इचारावंच लागतं." आजोबा वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आलेले. गार्ड सेनगावकडचा. दोघं एकाच हिंगोली जिल्ह्यातले, आणि मध्ये बॅरिअर. मित्राकडचं काम उरकलं तरी त्या गेटवरून मन निघेना, म्हणून नंतर सवड काढून गार्डच्या केबिनपाशी बसायला गेलो.

काम सांगायला सोपं आहे. पाहुण्याचं नाव, मोबाइल नंबर आणि फ्लॅट नंबर घ्यायचा, हातातल्या मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा, 'गेस्ट', 'डिलिव्हरी', 'कॅब' यांपैकी एकावर बोट ठेवायचं. वर घरमालकाचा फोन वाजतो. त्यानं होकार दिला की इथं पडद्यावर हिरवं येतं आणि बॅरिअर उचलायचा. ज्यांचं येणं आधीच कळवलेलं असतं त्यांच्याकडं सहा आकडी कोड असतो; ते थांबत नाहीत.

पूर्वी हेच काम इंटरकॉमवर चालायचं. केबिनमधून प्रत्येक फ्लॅटपर्यंत वायर. ते यंत्र अजून भिंतीला आहे, पण पावसाळ्यात लाइनी जायला लागल्या आणि लोकांनी घरातले फोन काढून ठेवले. इंटरकॉममध्ये एक सोय होती: तो घरात वाजायचा. आजी उचलायची, शाळेतून आलेलं पोरगं उचलायचं, आणि 'कोण?' म्हणून विचारायचं. आता फोन वाजतो तो माणसाच्या खिशात, आणि माणूस हिंजवडीत मीटिंगमध्ये असतो. घरात कुणी आहे की नाही, हे गेटवर कळत नाही.

अमेरिकेत राहणारे आपले लोक सांगतात की तिथं बऱ्याच इमारतींच्या दारावरच बटणांची पाटी असते. पाहुण्यानं स्वतः नंबर दाबायचा, घरमालकाच्या फोनवर रिंग जाते, त्यानं फोनवरचं ९ दाबलं की कुलूप उघडतं. मध्ये कुणी नाही. आपल्याकडं अ‍ॅप आलं, कॅमेरे आले, तरी मध्ये माणूस लागतोच, कारण बोलणी खायला यंत्र चालत नाही. हे माझं मत; सोसायटीच्या कमिटीचं वेगळं असणार.

तर आजोबा. फोटोसाठी मोबाइल समोर धरल्यावर त्यांनी टोपी नीट केली, बंडीची गुंडी लावली आणि श्वास रोखून उभे राहिले. मुलाला रिंग गेली. उत्तर नाही. पुन्हा. उत्तर नाही. सुनेचा नंबर लावला, तो लागेना. केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला बसवायचं नाही असा नियम आहे, म्हणून गार्डनं स्वतःची खुर्ची बाहेर सावलीत टाकली. पायाशी ठेवलेल्या पिशवीतून हळदीचा वास येत होता. नव्या, नुकत्या दळलेल्या हळदीचा. सेनगावच्या माणसाला तो कसा चुकेल?

"वसमतची का?"

"घरची. कुरुंद्याची."

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे पिशवीतला माल कुठला, याला सरकारी दाखला आहे. पिशवी आणणारा कुठला आणि कुणाचा, हे मात्र मीटिंग संपल्यावर ठरणार होतं. बऱ्याच वेळानं मुलाचा होकार आला.

गार्डला काय शिकवतात, असं एजन्सीच्या सुपरवायझरला विचारलं. "१६० तास," तो ताडकन म्हणाला. ते खरं आहे. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे आणि केंद्राच्या नमुना नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असं किमान २० दिवसांत विभागलेलं प्रशिक्षण सांगितलं आहे. गार्डला तेच विचारलं तर तो हसला. "मागच्या माणसानं चहा संपेस्तोवर दाखवलं. कुठं दाबायचं ते. बाकी गेटानंच शिकवलं." एकशे साठ तासांतही बापाला लेकाच्या दारात कसं थांबवून ठेवायचं, हे शिकवत असतील असं वाटत नाही.

गेटची बाजूही तो घेतो. "चोरी झाली की पहिलं आम्हालाच धरतेत. मंग कुणी म्हणत नाही, म्हातारा होता, सोडलं तर काय झालं." ड्यूटी बारा तासांची. त्यात पार्सलवाल्यांची घाई, कॅबवाल्यांचे हॉर्न आणि फोन न उचलणाऱ्यांचा राग, तिन्ही त्याच्याच वाट्याला.

आजोबा आले त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार पडली: वडील माणसांना गेटवर ताटकळत ठेवतात, गार्डना माणुसकी नाही. तक्रार मुलाची. दुसऱ्याच दिवशी त्याच ग्रुपवर सूचना आली: परवानगी आल्याशिवाय कुणालाही आत सोडू नये, सोडल्यास गार्ड जबाबदार. सुपरवायझरनं दोन्ही मेसेज गार्डला पाठवून खाली लिहिलं, 'पालन करावे.' कशाचं, ते लिहिलं नव्हतं.

गार्डनं त्यातून स्वतःपुरती वाट काढली आहे. बंद पडलेल्या जुन्या एंट्री रजिस्टरच्या शेवटच्या पानावर त्यानं काही नावं लिहून ठेवली आहेत. ही माणसं आली की अ‍ॅपवर रिंग द्यायची, पण बॅरिअर आधी उचलायचा. कमिटीला हे माहीत नाही, म्हणूनच सोसायटीचं नाव मी लिहिलेलं नाही. पानावर एक जावई आहे, दोन सासवा आहेत, आठवड्यातून दोनदा येणारे तबल्याचे सर आहेत, आणि कुरुंद्याचे आजोबा आहेत. त्यांच्या नावापुढं कंसात त्यानं 'ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोला' असं रात्रीच्या गार्डसाठी लिहिलं आहे.