गाठ तेवढीच, मग उपचार वाया?

यकृतातील गाठीवर उपचार होऊन दोन-तीन महिने लोटले की रुग्णाचे आप्त एमआरआयचे आधीचे व नंतरचे अहवाल शेजारी मांडतात, सेंटिमीटरचे आकडे सावकाराच्या खातेवहीप्रमाणे ताडून पाहतात, आणि तफावत न आढळल्यास ‘पैसे पाण्यात गेले’ असा निकाल देऊन मोकळे होतात. हा निकाल इतक्यांदा ऐकला आहे की त्याचा समाचार घेणे आता प्राप्तच आहे.

गाठ मेली म्हणजे नाहीशी झाली, असे नव्हे. धमनीवाटे तिचा रक्तपुरवठा कोंडला, किंवा सुईने उष्णता देऊन तिला जाळले, तरी मृत पेशींचा ढिगारा जागीच राहतो व शरीर तो महिनोन्महिने सावकाश शोषते. जाळताना तर भोवतालचा पाच ते दहा मिलिमीटरांचा निरोगी पट्टाही हेतुपुरस्सर जाळतात. तेव्हा यशानंतरचा डाग प्रारंभी मूळ गाठीहून मोठाच दिसावयाचा! खरा प्रश्न ‘केवढी’ हा नसून ‘जिवंत किती’ हा आहे. शिरेतून दिलेल्या गॅडोलिनियमयुक्त औषधाने जिवंत भाग उजळतो, मृत भाग उजळत नाही; मात्र साकळलेले रक्त मुळातच उजळ दिसू शकत असल्याने औषधापूर्वीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा करून खातरजमा करतात. कडेची पातळ, सारखी रेघ बहुधा दाहाची असते. जाड, गाठाळ कड मात्र संशयास्पद होय.

हे पटत नसेल त्यांनी गाठीने उपचाराला दिलेला प्रतिसाद मोजण्याचे २००० सालचे ‘रेसिस्ट’ निकष पाहावेत, ज्यांत केवळ लांबी मोजली जाई. आणि मग लेन्चिओनी व लोव्हेट यांनी २०१० साली यकृतपेशींच्या कर्करोगासाठी मांडलेले सुधारित निकष पाहावेत, ज्यांत धमनी-अवस्थेत, म्हणजे औषध धमन्यांतून पोहोचत असताना, उजळणारा भागच तेवढा मोजतात. दुर्मीळ अर्बुदांना तेही सरसकट लागू पडत नाहीत: एपिथेलिऑइड हेमँजिओएंडोथेलिओमाचा गाभा तंतुमय असून उपचारापूर्वीही पुष्कळदा कडच उजळते, आणि म्हणून त्याची तुलना त्याच्याच पूर्वीच्या चित्रांशी करावी लागते.

आता किरकोळ गैरसमज. यकृतातील प्रत्येक गाठ कर्करोग नव्हे. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ, हेमँजिओमा, पुष्कळांत आढळते. रक्तातील एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन) हे कर्करोगसूचक प्रथिन प्राकृत असणे हा निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. तरुणांना होणाऱ्या फायब्रोलॅमेलर कर्करोगात ते बहुधा प्राकृतच असते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. दुर्मीळ अर्बुदाचे निदान चित्रावर न थांबता बहुधा बायोप्सीनेच पक्के होते.

तेव्हा पुढच्या तपासणीस जाताना केवळ आकड्यांचा कागद न नेता उपचारापूर्वीच्या चित्रांची सीडीही न्यावी. रद्दीत तीच आधी जाते.