गॅसचा बंब पेटत नाही तेव्हा

घोड नदीकाठचे शिरूर घ्या की भीमेकाठचे दौंड घ्या, थंडीच्या दिवसांत पहाटे गार पाण्याने अंघोळ करणे सोपे नाही. पूर्वी घरोघर तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत लाकडे, चिपाडे, गोवऱ्या घालायच्या. भोवतीचे पाणी तापायचे. बंब पेटला नाही तर कारण डोळ्यांना दिसे. लाकूड ओले आहे, नाही तर राख साचली आहे!

आता पुष्कळ घरांत गॅसचा बंब आला आहे. त्याला गिझर म्हणतात. तो पेटला नाही, तर कारण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो चालतो कसा, हे आधी समजून घेऊ.

गिझरच्या पोटात रबराचा एक पडदा असतो. नळ सोडला की पाण्याच्या जोराने तो पडदा सरकतो. पडदा सरकला की गॅसची वाट उघडते आणि ठिणगी पडू लागते. ठिणगीला वीज मिळते ती सेलमधून. बहुतेक गिझरांत बॅटरीचे दोन मोठे सेल असतात. ठिणगी पडताना ‘टिक टिक’ असा आवाज येतो. म्हणजे गिझरला तीन गोष्टी लागतात: पाण्याचा जोर, सेल आणि गॅस. तिन्ही क्रमाने तपासाव्यात.

पहिली गोष्ट. नळ सोडला, पण टिक टिक ऐकू येत नाही. मग पाण्याचा जोर पहा. टाकी रिकामी झाली आहे का? टाकी फार खाली आहे का? पाणी आत येते तेथे एक बारीक जाळी असते. तिच्यात गाळ साचतो. पाणी बंद करून जाळी काढावी व धुवावी. बोअरचे पाणी क्षाराचे असेल, तर जाळी वरचेवर धुवावी लागते.

दुसरी गोष्ट. पाण्याला जोर आहे, तरी आवाज नाही किंवा आवाज मंद आहे. मग सेल संपले असतील. दोन्ही सेल एकदम बदलावेत. अधिक-उणे या खुणा पाहून बसवावेत. सेलच्या पट्टीवर गंज चढला असेल, तर कोरड्या फडक्याने पुसावा.

तिसरी गोष्ट. टिक टिक होते, पण ज्योत येत नाही. मग गॅस पोचत नाही. सिलिंडर संपला आहे का? रेग्युलेटर चालू आहे का? नळी कुठे मुडपली आहे का? सिलिंडर नुकताच बदलला असेल, तर नळीत हवा असते. एकदोन खेपा जास्त लागतात. मात्र दर खेपेनंतर नळ बंद करावा आणि थोडा वेळ थांबावे. नाही तर न जळलेला गॅस साचतो आणि पुढच्या ठिणगीला भडका उडतो.

एवढे करूनही पेटला नाही, तर माहितगार कारागिराला बोलवावे. कुणी कुणी म्हणतं, “काडी लावून बघू!” तसे मुळीच करू नये. गिझर घरी उघडूही नये.

आता जिवाची गोष्ट सांगतो. धोके दोन आहेत.

पहिला धोका गळतीचा. स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून जमिनीलगत साचतो. वास आला तर काडी ओढू नये, दिव्याचे बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करावा. दारे-खिडक्या उघडाव्यात. बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. हा आकडा स्वतःच्या हाताने भिंतीवर लिहून ठेवावा.

दुसरा धोका पेटलेल्या गिझरचा. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. न्हाणीघर लहान, दार-खिडकी बंद, आणि गिझर आत! मग हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंबाचा धूर डोळ्यांत जाई, माणूस दार उघडी. हा वायू काहीच सांगत नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि माणूस उभ्या जागी कोसळतो. अशाने माणसे दगावली आहेत.

म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेत बसवावा. गरम पाणी नळीने आत न्यावे. सध्या तो आतच असेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, मगच अंघोळीला जावे. आणि तो लवकर बाहेर हलवावा. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर गिझर वापरू नये, आधी दुरुस्त करून घ्यावा.

आत कुणी कोसळले, तर आधी दार सताड उघडावे, गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध आली तरी दवाखान्यात न्यावेच.

एखाद्या दिवशी अंघोळ गार पाण्याने झाली, तर काही बिघडत नाही. शिर सलामत तर पगड्या पचास!