टर्बोचा दाब आणि त्याचा पहारेकरी
इंजिनातून सुटणाऱ्या तप्त वायूंनी टर्बाइन फिरवावे आणि त्या बळावर सिलिंडरात अधिक हवा दाबून भरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली मांडली. दाब बेसुमार वाढू नये म्हणून वेस्टगेट ही झडप असते. ठरलेल्या मर्यादेला दाब ॲक्च्युएटरचा पडदा स्प्रिंगविरुद्ध ढकलतो. झडप उघडते आणि काही वायू टर्बाइनला वगळून परस्पर बाहेर पडतात. बूस्ट कंट्रोलर पडद्यापर्यंत पोहोचणारा दाब कमी करतो. म्हणजे जणू पहारेकऱ्यालाच चकवितो. झडप उशिरा उघडते, इंजिनाला अधिक हवा मिळते. परंतु दाबलेली हवा तापते, आणि पेट्रोल इंजिनात मिश्रण अवेळी भडकून पिस्टन निकामी होऊ शकतो. म्हणून इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ साधल्यावाचून दाब वाढविणे धोक्याचे होय.