घराची किंमत आणि कागदांची किंमत

मुंबईत किंवा पिंपरी-चिंचवडला उमेदीची वर्षे नोकरीत घालवून निवृत्तीच्या सुमारास गावाकडे हक्काचे घर घ्यावे, हा विचार आपल्या असंख्य कुटुंबांत होतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर अशा बाजाराच्या गावांकडे ओढा अधिक. फंडाचे पैसे हाती येतात, किंमत ठरते, विसार दिला जातो आणि मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कळते की आणखी दीड-दोन लाख रुपये लागणार आहेत! अशा वेळी घरातले सोने मोडले जाते किंवा हातउसने घेतले जातात. वास्तविक हा सारा खर्च विसार देण्यापूर्वीच वहीत मांडता येतो.

पहिला आणि सर्वांत मोठा आकडा मुद्रांक शुल्काचा. ठरलेली किंमत आणि शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याप्रमाणे, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, येणारी किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर ते भरावे लागते. त्यामुळे भाऊबंदाने स्वस्तात घर दिले तरी शुल्क स्वस्तात होत नाही. दर गावाच्या हद्दीवर अवलंबून असतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीत तो कमी, जुन्नरसारख्या नगरपरिषदेच्या हद्दीत त्याहून जास्त, आणि पुणे महानगरपालिकेत स्थानिक कर व मेट्रोचा अधिभार धरून शेकडा ७ पर्यंत जातो. नेमका दर कचेरीत विचारावाच; पण घरचा अंदाज करताना आम्ही शेकडा ६ धरण्यास सांगू. पैसे उरलेच तर कपाटाला होतील.

दुसरा आकडा नोंदणी फीचा. ती शेकडा १ असते, मात्र ३० हजार रुपयांच्या वर जात नाही. शिवाय दस्ताच्या प्रत्येक पानामागे हाताळणी शुल्क असते.

उदाहरण घेऊ. घर २० लाखांना ठरले, पण तक्त्याप्रमाणे किंमत २२ लाख निघाली. शेकडा ६ प्रमाणे मुद्रांक शुल्क १ लाख ३२ हजार, नोंदणी फी २२ हजार. एकूण १ लाख ५४ हजार रुपये. आता हेच घर फक्त घरातील स्त्रीच्या नावावर घेतले तर? १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रियांच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात शेकडा १ ची सवलत आहे. म्हणजे २२ हजार वाचले. नोंदणी फी त्यातच भागली. पूर्वी असे घर १५ वर्षे पुरुषाला विकता येणार नाही, अशी अट होती. ती २०२३ मध्ये काढण्यात आली. नवऱ्याचे नाव जोडीला घातले की मात्र सवलत जाते. आमच्या भगिनींनी हे आपल्या घरात जरूर वाचून दाखवावे. सवलतीखातर का होईना, बाईच्या नावावर घर होते आहे.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला तर वस्तू व सेवा कर लागतो. आपल्या भागात ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या घराला तो शेकडा १, इतर निवासी घरांना शेकडा ५. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला हा कर नाही. जुन्या घरालाही नाही. बिल्डरने तरीही मागितला तर कशाचा, हे लेखी विचारावे. आणखी एक गोष्ट. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा फ्लॅट आठांहून अधिक नसतील, तर त्या इमारतीला महारेराची नोंदणी सक्तीची नसते. तालुक्याच्या गावातील कित्येक लहान इमारती अशाच असतात. तेथे कागद तपासण्याची जबाबदारी सर्वस्वी घेणाऱ्यावर येते, आणि म्हणून वकिलाची फी.

ही फी वाचवू नये. वकील साधारण ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेऊन अहवाल देतो. त्यातून गहाण, वाटपाचा दावा, राहून गेलेली वारस नोंद अशा गोष्टी बाहेर येतात. गावठाणातील घर असेल तर विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवतो. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. ज्या गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत, तेथे ती पत्रिकाच मागावी.

आता जमिनीविषयी, कारण आपल्या माणसांचे खरे नुकसान येथे होते. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले दिसले की थांबावे. महार वतनाच्या जमिनी बहुधा याच वर्गात असतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, ते या गुलामीतून माणूस सुटावा म्हणून. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि जमिनी वतनदारांना पुन्हा मिळाल्या; परंतु नव्या शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि शासनाने ठरविलेला नजराणा याशिवाय त्या विकता येत नाहीत. बिगरशेती वापरासाठी हा नजराणा बाजारमूल्याच्या निम्म्याइतका असू शकतो. तेव्हा वतनाच्या तुकड्यावर स्वस्तात प्लॉट मिळतो असे कोणी सांगितले तर नजराणा कोण भरणार, हा पहिला प्रश्न. सर्व वारसांच्या सह्या कोठे आहेत, हा दुसरा. एका आजोबाचे चाळीस वारस, त्यांतले निम्मे मुंबईला, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

डिंभे धरणासारख्या प्रकल्पात विस्थापित झालेल्यांना दिलेल्या जमिनींवरही अशाच शर्ती असतात. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला शासकीय मंजुरीवाचून घेता येत नाही. आणि त्यांची जमीन त्यांच्याकडेच राहावी हे योग्यही आहे. ज्यांची जमीन गावगाड्याने हिरावली, त्यांनी तरी यात पळवाट शोधू नये.

गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहारही जपून करावेत. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा मुद्रांक कागदावर नोटरी करून घेणाऱ्याच्या हाती पावती येते, मालकी येत नाही. विसारही रोखीने देऊ नये. २० हजार किंवा त्याहून अधिक रोख विसार प्राप्तिकर कायद्यात बसत नाही. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्यावरचा असेल तर शेकडा १ कर कापून घेणाऱ्यानेच शासनाकडे भरावयाचा असतो.

कर्ज काढणाऱ्यांनी बँकेची प्रक्रिया फी, बँकेच्या वकिलाची व मूल्यांकन करणाऱ्याची फी आणि बँकेकडे मूळ कागद ठेवण्याच्या दस्तावरील मुद्रांक शुल्क वेगळे धरावे. बँक कर्ज देते ते घराच्या किमतीच्या काही भागावर. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बहुधा खिशातूनच जातात.

दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी हजर करावा लागतो. नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे समजून पुष्कळजण मुंबईची गाडी धरतात. तसे करू नये. तलाठ्याकडे फेरफार पडला का, हरकतीची मुदत संपून मंडल अधिकाऱ्याने तो मंजूर केला का, घरपट्टी आणि वीजजोडणी आपल्या नावावर झाली का, हे पाहण्यासाठी महिन्याभराने पुन्हा एक खेप करावी. त्या खेपेचे एस.टी. भाडेही वहीत लिहून ठेवावे.