आधी गुडघे, मग भाडं

सकाळी ८

मार्च संपत आला की आमच्या धंद्यात दिवस लवकर सुरू होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक लागू होतं, आणि वेळांबरोबर विमानंही बदलतात. त्यातच पुण्यातल्या आई-वडिलांचा अमेरिकेत मुलांकडे जायचा हंगाम असतो. त्यामुळे कोथरूडच्या आमच्या ऑफिसात सकाळचं पहिलं काम नवीन बुकिंगचं नसतं. जुने पीएनआर एकेक करून उघडायचे आणि विमानाचा प्रकार तोच आहे ना, ते बघायचं.

आज एका जोडप्याच्या बुकिंगवर ७८९च्या जागी ७७डब्ल्यू आलंय. ७८९ म्हणजे बोइंग ७८७-९. त्यात इकॉनॉमीच्या एका ओळीत तीन-तीन-तीन अशा नऊ सीट असतात. ७७डब्ल्यू म्हणजे ७७७-३००ईआर, त्यात आता बहुतेक कंपन्या तीन-चार-तीन अशा दहा बसवतात. पूर्वी याच ७७७मध्ये बहुतेक ठिकाणी नऊच असायच्या. विमानाची रुंदी वाढली नाही, दहाव्या सीटची जागा बाकीच्या नऊ जणांच्या खांद्यांतून निघाली, आणि एकेक सीट जेमतेम सतरा इंचांची उरली.

विमान बदललं की आधी घेतलेले सीट नंबर गळतात आणि सिस्टिम रिकामं दिसेल तिथे माणसं टाकते. काका ३४व्या ओळीत मधल्या सीटवर, काकू ४१व्या ओळीत. दोघंही सत्तरीपुढचे, आणि काकूंना रात्री दोनदा तरी उठावं लागतं. मी लगेच सीटमॅप उघडून शेपटाकडची जोडी धरली. ७७७ मागे निमुळतं होत जातं, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांच्या विमानांत शेवटच्या काही ओळींत खिडकीकडे तीनऐवजी दोनच सीट असतात. तिथे तिसरा अनोळखी माणूस नाही. उठायचं झालं तर काकूंनी फक्त काकांना हलवायचं. अगदी शेवटची ओळ मात्र मी सोडते, कारण तिची पाठ अनेकदा मागे झुकत नाही आणि टॉयलेटची रांग तिथेच लागते.

सकाळी ९

सॅन होजेहून फोन. तिथे रात्रीचे साडेआठ, जेवणं उरकून मुलं आई-बाबांच्या तिकिटांकडे वळतात ती हीच वेळ.

"ताई, दोघांचं सगळ्यात स्वस्त काय पडेल?"

"सांगते. आधी बाबांची उंची सांग. आणि कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन वगैरे?"

"बाबा पाच-अकरा. आईचा गुडघा बदललाय मागच्या वर्षी."

"उजवा की डावा?"

त्याला आठवेना, आईला विचारून कळवतो म्हणाला. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. गुडघा सतत दुमडलेला राहिला की आखडतो, तो मधूनमधून सरळ करता आला पाहिजे, आणि त्याला जागा एकच, चालायची वाट. दहा सीटच्या ओळीत ए बी सी, डी ई एफ जी, एच जे के अशी अक्षरं असतात. सी आणि जी या सीटची वाट उजव्या हाताला येते, डी आणि एच यांची डाव्या. उजवा गुडघा असेल तर सी किंवा जी, डावा असेल तर डी किंवा एच. नुसतं 'आइल सीट द्या' म्हणून भागत नाही.

मग भाडं. सर्वांत स्वस्त भाड्यात बहुधा चेक-इन उघडेपर्यंत सीट फुकट निवडता येत नाही. आखातातून सॅन फ्रान्सिस्कोचा नुसता दुसरा टप्पाच पंधरा-सोळा तासांचा. मुलाला म्हटलं, दोन्ही भाड्यांतला फरक आणि सीटचे वेगळे पैसे दोन्ही मांडून पाठवते, पण प्रत्येक भाड्यासमोर विमान कोणतं तेही लिहीन. तो कॉलम बघून मग ठरव.

सकाळी ११

एक निवृत्त अभियंते आले. सहा फूट दोन इंच उंच. लंडनला लेकीकडे निघालेत, बरोबर पत्नी. त्यांना इमर्जन्सी एक्झिटजवळच्या दोन सीट हव्यात आणि पत्नीसाठी व्हीलचेअर.

या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत. दाराजवळ बसणाऱ्याला वेळ आली तर दार उघडता आलं पाहिजे, सूचना कळल्या पाहिजेत. ज्याला स्वतःलाच मदत लागते त्याला तिथे बसवत नाहीत. वयाकडे बघूनही काउंटरवर सीट बदलतात, आणि तोवर विमान भरलेलं असतं, हातात मधली सीट पडते. म्हणून ज्येष्ठांना मी ही ओळ सुचवतच नाही. समोर भिंत असलेली पहिली ओळही उंच माणसाला वाटते तितकी चांगली नसते. पुढच्या सीटखाली पाय सरकवायची सोयच नाही, ट्रे हाताच्या दांड्यात असल्यामुळे दांडा वर होत नाही आणि सीट थोडी अरुंद होते. बाळांचे पाळणेही तिथेच लावतात.

"तुम्ही लोक इंच इंच म्हणता ते नेमकं मोजता कुठून?" त्यांनी विचारलं.

मला असा प्रश्न आवडतो. ऑफिसातल्या दोन खुर्च्या एकामागे एक ठेवल्या आणि टेप काढला. एका सीटवरच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे पिच. इकॉनॉमीत ते साधारण २८ ते ३२ इंच. पण त्यात पाठीची जाडीही आली. म्हणून पातळ पाठीची, मासिकांचा कप्पा वर नेलेली ३० इंची सीट जुन्या जाड गादीच्या ३१ इंची सीटपेक्षा गुडघ्यांना मोकळी असू शकते. आकडा एकटा वाचू नये.

"पण याला काही किमान कायदा?"

ब्रिटनमध्ये झाला. १९८५च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या धावपट्टीवर विमानाला आग लागून ५५ माणसं गेली, बहुतेक धुरामुळे. त्यानंतर १९८९मध्ये तिथल्या नियामकांनी सीटची पाठ आणि पुढची सीट यांत किमान २६ इंच मोकळे हवेत असं ठरवलं. अमेरिकेत २०१८च्या कायद्याने विमान प्रशासनाला किमान मापं ठरवायला सांगितलं. त्यांनी ओक्लाहोमा सिटीत विमान रिकामं करण्याच्या चाचण्या घेतल्या आणि सीटच्या मापाचा अडथळा होत नाही असा निष्कर्ष काढला. पण त्या चाचण्यांतली सगळी माणसं धडधाकट आणि साठीच्या आतली होती.

हे सांगताना मला दरवेळी संताप येतो. माझ्या टेबलासमोर बसणारी निम्मी माणसं साठीच्या पुढची असतात. नव्वद सेकंदांत विमान रिकामं झालं पाहिजे हा नियम त्यांच्यासाठीही आहे, आणि त्या अरुंद फटीतून बाहेर पडायला सर्वांत जास्त वेळ त्यांनाच लागणार. लेगरूम पैसे टाकून घ्यायची चैन आहे, हे मला कधीच पटलं नाही.

त्यांना शेवटी जास्त पिच असलेल्या ओळीत, एक्झिट सोडून, दोन सीट दिल्या. ते वाटेकडे, पत्नी शेजारी.

दुपारी १

डबा.

दुपारी २

रिफंडची पत्रं. विकतच्या सीटचा वेगळा ईएमडी, म्हणजे तिकिटाबाहेरच्या पैशांची इलेक्ट्रॉनिक पावती, निघतो, त्याला स्वतःचा नंबर असतो. विमान बदलून ती सीट गेली तर त्याच नंबरावर पैसे मागायचे. न मागता क्वचितच येतात.

दुपारी साडेतीन

नव्या मुलीला सीटमॅप वाचायला शिकवते. नकाशावर सगळे चौकोन सारखेच दिसतात, शिकायचं ते तिथूनच. ए३२०मध्ये पंखांवरच्या दोन एक्झिट ओळी एकामागे एक असतात. त्यातल्या पुढच्या ओळीची पाठ झुकत नाही, कारण झुकली तर मागच्या दाराची वाट अडेल. म्हणून तरुण, उंच गिऱ्हाईक असेल तर दुसरी ओळ. मोठ्या विमानात दाराजवळच्या खिडकीच्या सीटसमोर दाराचा फुगवटा येतो, तिथे डावा-उजवा एक पाय अडकतोच. काही जुन्या विमानांत पडद्याच्या यंत्रणेची पेटी सीटखाली असते, पाय ठेवायची अर्धी जागा तीच खाते. म्हणून एअरोलोपासारख्या साइटवर त्याच कंपनीच्या त्याच प्रकारच्या विमानाचा नकाशा ताडून बघायचा. एकाच कंपनीकडे ७७७ दोन-तीन वेगवेगळ्या मांडणींचे असतात.

"आणि जोडप्याला दोघांनाही पाय मोकळे हवे असतील तर?" तिने विचारलं.

सी आणि डी. मध्ये वाट, दोघांनाही उठायची मुभा, आणि हात लांब केला तर एकमेकांना पाणी देता येतं.

संध्याकाळी ५

चेक-इन उघडण्याची वेळ. कोणाचं ४८ तास आधी उघडतं, कोणाचं २४. तोवर अडवून ठेवलेल्या काही सीट या वेळी सुटतात, त्यामुळे ठोक्याला बसावं लागतं. ज्यांनी सीटला पैसे भरले नाहीत अशांना आज दोन ठिकाणी मधली सोडवून वाटेकडची मिळाली.

संध्याकाळी ७

काल परतलेल्या एक काकू आल्या, पोटरी दुखते म्हणून बोलता बोलता सांगितलं. मी पुढचं बुकिंग बाजूला ठेवलं आणि आजच डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्ये मांडलं होतं, चार तासांहून लांबच्या प्रवासात शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. एकूण प्रमाण कमी आहे, साधारण सहा हजारांत एक. पण एका पोटरीचं दुखणं अंगावर काढायचं नसतं. मुलगा रिक्षा घेऊन आला, तेव्हाच त्यांना सोडलं.

रात्री ९

मुंबईच्या विमानतळावरून एका ताईंचा फोन. त्यांनी जास्त लेगरूमची सीट विकत घेतली होती, बोर्डिंग पासवर ४४ई छापून आलंय.

"काउंटर सोडू नका. ईएमडीचा नंबर मेलवर पाठवलाय, तो दाखवा. ही सीट पैसे भरून घेतलेली आहे, तीच द्या किंवा त्याच मापाची दुसरी द्या, असं म्हणा. आवाज चढवू नका, पण हलूही नका."

पंधरा मिनिटांनी त्यांनी नव्या पासचा फोटो पाठवला, २३सी. मी नकाशावर ओळ बघितली, पुढची जागा मोकळी आहे. त्यांना लिहिलं, दोन्ही पास जपून ठेवा. उद्या हा ईएमडी तपासून ही बुकिंग फाइल बंद करायची आहे.