गाजर गवताचा उपद्रव व त्याचा बंदोबस्त

बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीत जमिनींत व गावठाणातही पांढऱ्या बारीक फुलांचे जे रोप सर्वत्र दिसते, त्यास कोठे गाजर गवत, कोठे काँग्रेस गवत, तर कोठे चटक चांदणी असे म्हणतात. वास्तविक हे गवत नव्हेच. ही सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती असून तिचे मूळ स्थान अमेरिका खंडातील उष्ण प्रदेश होय. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुणे येथे ती प्रथम लक्षात आली. परदेशातून आयात झालेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यानंतर थोड्याच दशकांत तिने सारा देश व्यापला.

असे का व्हावे? मायदेशी ह्या वनस्पतीवर जगणारे कीटक व रोग असतात. त्यांमुळे तिची वाढ आटोक्यात राहते. येथे ती एकटीच आली. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. उगवणीनंतर महिना-सव्वा महिन्यात ती फुलावर येते व एका चांगल्या वाढलेल्या झाडास पंधरा ते पंचवीस हजारांपर्यंत बी धरते. हे बी हलके असल्याने वारा, पाणी, गाडीची चाके व शेणखत ह्यांतून दूरवर पोहोचते.

परदेशी उपद्रवी जीवांविषयीच्या राष्ट्रीय धोरणात पहिले स्थान प्रतिबंधास आहे. त्यासाठी १९१४ चा विध्वंसक कीटक व कीड कायदा असून २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशान्वये बियाणे व रोपे परदेशातून आणण्यास परवाना व रोगमुक्ततेचा दाखला लागतो. परदेशची मातीदेखील परवान्याशिवाय आणता येत नाही. प्रवासाहून परतणाऱ्या नातलगाने हौसेने आणलेली बियांची पुडी ही क्षुल्लक बाब नव्हे, हे गावकऱ्यांस समजावून सांगावे.

बंदरावरील तपासणी चुकवून जे एकदा आत शिरले, त्यास मात्र गावोगावी अडविणारा कोणी पहारेकरी नाही. चाऱ्याची वाहने, रोपवाटिकेतील कुंड्या, भरावाची माती व मळणीयंत्रे ह्यांची पाहणी गावानेच केली पाहिजे. एखाद्या शिवारात दोन-चारच झाडे दिसली तर ती त्याच दिवशी उपटावी. पुढील वर्षी तेच काम शेकडो मजुरांनीही पुरे होत नाही.

उपटणी फुलावर येण्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असता, मुळासकट करावी. वरून कापल्यास बुडख्यातून पुन्हा फुटवा येतो. फुले नसलेली झाडे कंपोस्टच्या खड्ड्यात घालण्यास हरकत नाही. फुलावर आलेली मात्र घालू नयेत. मोकळ्या जागी उन्हाळ्याच्या अखेरीस टाकळ्याचे बी फोकून द्यावे. पावसाळ्यात टाकळा दाट माजून गाजर गवतास वाढू देत नाही, आणि आरंभी त्याची कोवळी भाजीही मिळते.

दुसरा उपाय मेक्सिकन भुंगेऱ्याचा. हा पिवळट पांढरा व पाठीवर तपकिरी रेघा असलेला कीटक १९८३ मध्ये बंगळूर येथील फलोत्पादन संशोधन संस्थेत आणून प्रथम त्याची परीक्षा घेण्यात आली व १९८४ मध्ये तो सोडण्यात आला. परदेशी कीटक मुद्दाम आणताना तो पिकांवर उलटणार नाही, ह्याची खात्री आधी करून घ्यावी लागते. पुढे कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसल्याने बरीच खळबळ माजली. परंतु चौकशीअंती तो त्या पिकावर टिकून राहत नाही असे आढळले. भुंगेरा व त्याच्या अळ्या पावसाळ्यात पाने खातात. थंडीत भुंगेरे जमिनीत पडून राहतात. जेथे ते विपुल असतील तेथून पाचशे ते हजार भुंगेरे सच्छिद्र डब्यात पाल्यासह आणून दुसऱ्या दाट जागी सोडावेत. त्यांस कीड समजून औषध फवारणारे शेतकरी आजही भेटतात. त्यांना वेळीच थांबवावे.

ह्या वनस्पतीच्या स्पर्शाने पुष्कळांच्या हातांस व पापण्यांस खाज सुटून चट्टे उठतात, आणि परागकणांमुळे दम लागतो. खुरपणी करणाऱ्या स्त्रियांस हा त्रास विशेष होतो. तेव्हा हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांत घालूनच उपटणी करावी, तोंडावर फडके बांधावे, काम संपताच साबणाने हात-पाय धुवावेत. ज्यास एकदा असे चट्टे उठले, त्यास पुन्हा ह्या कामावर लावू नये व दवाखान्यात पाठवावे.