उन्हात राबूनही हाडं का ठणकतात?

अंबडला मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या चढताना एखादी बाई मध्येच थांबते, गुडघ्यावर हात टेकते, मगच पुढची पायरी घेते. "कॅल्शियम कमी झालं असेल, गोळ्या घे," बरोबरच्या बायका सांगतात. निदान झालंसुद्धा!

मांड्यांत बळ नसणं, बसल्या जागेवरून हात टेकून उठावं लागणं ही ड जीवनसत्त्व फार कमी झाल्याचीही खूण असते. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. हाडं मऊ पडतात, ठणकतात. "पण आम्ही तर दिवसभर उन्हात असतो!" कापूस वेचणाऱ्या बाईकडे जवळून पाहा. साडीवर नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला घट्ट रुमाल; उघडे काय ते डोळे आणि बोटं. ड जीवनसत्त्व कातडीत तयार होतं, पण कातडीला ऊन लागेल तेव्हा. कोवळ्या उन्हाचा सल्लाही इथे कामाचा नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यासाठी लागणारे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हा ते पुरेसे मिळतात. तेव्हा हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे, भाजून घ्यायचं नाही.

मला सर्वांत काळजी वाटते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुडीची. ती बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. आधी रक्त तपासा.

तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, ते दुखणं बहुधा हाडांचं नसून नसांचं असतं. मधुमेह किंवा बी-१२ची कमतरता, दोन्ही तपासावं. बी-१२ भाजी-भाकरीत नसतं. दूध-दही, अंडी, मासे, मटणात असतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकतं.

विडी ओढणाऱ्याची पोटरी चालताना धरते आणि थांबलं की सुटते, तेव्हा पायाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका घ्यावी. एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर आत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सलाईन लावून यातलं काहीच जात नाही.

नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत तर दुखण्याचं मूळ बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमध्ये निघालं. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की सांधे आखडू लागतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. तिथे माणसाच्या रक्ताबरोबर बोअरचं पाणीही तपासायला न्यावं लागतं.